चौदा पेशी

आकृती तीनच्या खाली बारीक टाइपात छापलं होतं, नोंदी १४ पेशींच्या. शरीरक्रियाशास्त्रातल्या तरुण संशोधकांच्या उत्कृष्ट शोधनिबंधासाठी एक पुरस्कार होता, मी परीक्षकांपैकी एक होतो, आणि तो आकडा वाचून मी सरळ पान उलटलं होतं. बैठकीत कुणीतरी विचारलं, ‘‘चार वर्षांत हिचा एकच निबंध?’’ दुसऱ्या उमेदवाराचे सहा होते. पुरस्कार त्याला गेला. त्याच्या बाजूने मीही हात वर केला होता.

पुढे महिन्याभराने दुसऱ्याच कामासाठी तिच्या संस्थेत गेलो आणि तिला काम करताना पाहिलं.

सकाळीच उंदराच्या मेंदूचे ३०० मायक्रॉन जाडीचे काप काढून झाले होते. जाळीवर ठेवलेल्या त्या कापांभोवती ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे अखंड सुटत होते. असा काप काही तासच तग धरतो, म्हणून तिचा डबा संध्याकाळपर्यंत बंदच राहिला. काचेची बारीक नळी यंत्रात अडकवली, मधली तार लाल झाली, नळी ताणली जाऊन तुटली आणि एका नळीच्या दोन पिपेट झाल्या. टोक जेमतेम एक मायक्रॉनचं. हवेवर तोललेल्या जड टेबलावर सूक्ष्मदर्शक, भोवती तांब्याच्या जाळीचा पिंजरा. ‘‘सर, टेबलाला टेकू नका,’’ एवढंच ती बोलली.

पडद्यावर पेशी राखाडी मण्यासारखी दिसत होती. पिपेटचं टोक जवळ गेलं तसा पेशीवर इवलासा खळगा पडला. मग पिपेटला जोडलेली रबरी नळी तिने ओठांत धरली आणि अगदी हलकेच हवा ओढली. हो, तोंडानेच, कितीतरी प्रयोगशाळांत हे आजही असंच होतं. पडद्यावरचा रोध काही मेगाओहमवरून चढत चढत गिगाओहमवर गेला. ‘‘सील लागलं.’’ आणखी एक ओढ, आवरण फुटलं, आतला मार्ग खुला झाला. मिनिटभर सुंदर नोंद आली आणि मग रेघ घसरत गेली. ‘‘गेली पेशी,’’ ती म्हणाली आणि नवी पिपेट उचलली.

त्या दिवशी नऊ प्रयत्नांत दोन नोंदी वापरण्याजोग्या निघाल्या. दिवस चांगला गेला म्हणे. मी वाचलेल्या त्या चौदा पेशींमागे किती दुपारी होत्या, हे मला तेव्हा कळलं.

ही पद्धत तरुणांनीच घडवली आहे. १९७६ साली गॉटिंगेनमध्ये एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी बेडकाच्या स्नायुपेशीवर पिपेट टेकवून एकेका आयनमार्गाचा प्रवाह पहिल्यांदा नोंदवला. प्रवाह केवढा, तर काही पिकोअँपिअर! ‘नेचर’मध्ये तो निबंध आला तेव्हा नेहर ३२ वर्षांचे होते, साकमान ३३ वर्षांचे. गिगाओहमचं घट्ट सील साधायला त्यानंतरही काही वर्षं गेली. नोबेल मिळालं १९९१ साली.

आपल्याकडे भटनागर पुरस्काराला वयाची मर्यादा ४५ आहे. नवोदितांच्या पुरस्कारांत ती आणखी खाली असते. मर्यादा असावी, त्याला माझी हरकत नाही. पण जिथे हात बसायलाच वर्ष जातं, तिथे निबंधांची संख्या मोजणं हा उघड अन्याय आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे. संगणकावर केलेलं विश्लेषण आणि जिवंत पेशीवरची नोंद एकाच फूटपट्टीने मापता येत नाही.

परीक्षक म्हणून बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. निबंधांची यादी बाजूला ठेवून आधी कार्यपद्धतीचं पान वाचा. किती पेशी वगळल्या आणि का, हे उमेदवाराला विचारा. आणि जमलं तर निकालाच्या आधी एक दिवस त्याच्या प्रयोगशाळेत जाऊन बसा.