वेढ्याचा फासा आणि बोरी नदी

गेम सुरू झाला की पडद्याच्या कोपऱ्यात तारीख दिसते : १ एप्रिल १३३७. काळ थांबलेला असतो. स्पेसबार दाबेपर्यंत जगात पानही हलत नाही. तो दाबायच्या आधी मी माऊसचं चाक फिरवत युरोप ओलांडला, इराण ओलांडला, गोदावरीच्या खाली उतरलो आणि भीमेच्या अलीकडे येऊन थांबलो. नळदुर्गच्या माणसाने नकाशा समोर आल्यावर दुसरं काय शोधायचं?

गेमचं नाव ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ५’. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा हा गेम तिच्या स्पेनमधल्या ‘टिंटो’ स्टुडिओने तयार केला आणि तो ४ नोव्हेंबर २०२५ रोजी बाजारात आला. नावात युरोप असला तरी पट सगळ्या जगाचा आहे. १३३७ पासून जवळपास पाचशे वर्षं चालणारा. माझ्या भाच्याने तो घेतला आणि त्याच्याच कॉम्प्युटरवर रात्री जागून मी तो थोडाफार समजून घेतला. मी मुरलेला खेळाडू नाही. पण लहानपणापासून ज्या किल्ल्याच्या तटावर फिरलो, त्याचं गणित या गेममध्ये कसं मांडलं असेल याची उत्सुकता होती. तेच इथे सावकाश सांगतो, म्हणजे ज्यांनी असा गेम कधी पाहिलाही नाही त्यांनाही तो आतून कसा चालतो हे कळेल.

इथे एकेक सैनिक पळवायचा नसतो. तुम्ही एक राज्य निवडता आणि त्याचा कारभार पाहता : कर किती, रस्ता कुठे, लग्नसंबंध कुणाशी, तह कुणाशी, फौज किती. दिवस एकेक करून पुढे सरकतात. काळाला पाच वेग आहेत आणि कुठल्याही क्षणी तो थांबवता येतो. नकाशा हजारो छोट्या तुकड्यांत विभागलेला आहे. साधारण आपला परगणा किंवा कसबा डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक तुकड्यावर क्लिक केलं की तिथली जमीन कशी, हवामान कसं, मुख्य पीक किंवा खनिज कोणतं आणि माणसं किती हे दिसतं. माणसंही नुसती संख्या म्हणून नाहीत. सरदार, धर्मकारणातले लोक, व्यापारी-कारागीर, शेतकरी, मजूर असे थर आहेत आणि प्रत्येक थराला आपला धर्म आणि आपली संस्कृती आहे.

मला सगळ्यात आवडली ती ‘अंमल’ मोजायची पद्धत. अंमल हा शब्द माझा. गेममध्ये मराठी नाही, हिंदीही नाही. पण कागदपत्रांतून आलेला हा जुना शब्द त्या गोष्टीला चपखल बसतो. मुलूख तुमच्या रंगात रंगला म्हणजे तो तुमचा झाला असं या गेममध्ये होत नाही. राजधानीपासून जसजसं दूर जावं तसतसा अंमल उतरतो. डोंगर-जंगल आडवं आलं की झपाट्याने उतरतो, रस्ता किंवा चांगला जलमार्ग असेल तर सावकाश उतरतो. जिथे अंमल थोडा, तिथला महसूल आणि शिबंदी तुमच्या हाती थोडीच लागते. बाकीचं तिथले बडे लोक गिळतात. उपाय तीन : रस्ते बांधा, दूरच्या ठिकाणी अंमलदाराची कचेरी घाला, नाहीतर राजधानीच हलवा.

हे वाचताना कुणाची आठवण येते? १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली. शाळेत आपण हा वेडेपणाचा नमुना म्हणून शिकलो. गेमच्या पटावर पाहिलं तर दिल्लीचा रंग दख्खनपर्यंत पसरलेला असतो, पण तुंगभद्रेकडे सरकावं तसा अंमलाचा आकडा रोडावत जातो, आणि तुघलकाच्या मनात काय असेल ते उलगडतं. तो वेडा नव्हता, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. त्याची अडचण खरी होती. उपाय पेलला नाही, आणि तो राबवताना माणसांचे जे हाल झाले त्याला क्षमा नाही. तो दिल्लीला परतला, दक्षिण सुटत गेली. १३३६ मध्ये विजयनगर उभं राहिलं. १३४७ मध्ये दौलताबादच्या अमीरांचं बंड यशस्वी होऊन हसन बहमनशहा गादीवर बसला आणि राजधानी गुलबर्ग्याला आली. नळदुर्गच्या दृष्टीने हा मोठा बदल. हजारभर किलोमीटरवरचा धनी जाऊन शेजारचा धनी आला.

फौजेचं गणितही असंच रयतेशी बांधलेलं आहे. सुरुवातीच्या शतकांत कायमची फौज जवळजवळ नसते. युद्ध आलं की गावोगावची माणसं बोलवायची. ती बोलावली की तेवढे हात शेतातून आणि मागावरून कमी होतात. उत्पन्न घटतं आणि फौजेला धान्य मात्र रोज लागतं. लढाईत माणसं मेली तर ती कायमची गेली, गावाची लोकसंख्या तेवढी उतरते. भाच्याने पहिल्या खेळात हौसेने चार वर्षं सलग युद्ध चालवलं. जिंकलाही. नंतर खजिना पाहून तो जो गप्प बसला, तो जेवणापर्यंत.

आता वेढा. तो समजावायला मी याच मालिकेचा २०१३ साली आलेला चौथा भाग घेतो, कारण त्यातलं गणित उघडं आहे आणि वहीवर करून पाहता येतं.

तुमची फौज किल्ल्याखाली येऊन बसली की दर तीस दिवसांनी गेम एक फासा टाकतो. फाशावर १ ते १४ आकडे. जो आकडा पडेल त्यात तोफांची भर घालायची, सेनापतीला वेढ्याची जाण असेल तर तिची भर घालायची आणि किल्ल्याची मजबुती वजा करायची. बेरीज २० झाली की किल्ला पडला. ती लगेच होत नाही. अधल्यामधल्या बेरजांना वेगवेगळे परिणाम आहेत : ५ ते ११ आले तर किल्ल्यात रसद कमी पडते, १२-१३ आले तर अन्न संपत येतं, १४-१५ आले तर पाण्याचा तुटवडा होतो, त्याहून वर शिबंदीतली माणसं पळू लागतात. असा प्रत्येक परिणाम पुढच्या बेरजेत कायमची भर टाकतो : रसदीचा एक, अन्नाचे दोन, पाण्याचे तीन. फासा १४ पडला तर तटाला खिंडार. १ पडला तर वेढा घालणाऱ्यांच्याच छावणीत रोगराई.

उदाहरण करू. किल्ल्याची मजबुती ३, तोफांचे २, सेनापतीचे २. पहिल्या महिन्यात फासा ९. नऊ आणि चार तेरा, तीन गेले, दहा. रसद कमी, एक भर. दुसऱ्या महिन्यात फासा १२. बारा, चार आणि ती एक भर मिळून सतरा, तीन गेले, चौदा. पाण्याचा तुटवडा, आणखी तीन भर. आता फाशात न पडताच चार गुण जमा झाले. महिने जातील तसे ते वाढत जातात आणि एके दिवशी दरवाजा उघडतो. बहुतेक किल्ले असेच पडले. तटावर चढून क्वचित, भुकेने आणि तहानेने पुष्कळ. म्हणून ही रचना मला प्रामाणिक वाटते.

पण त्या ‘पाण्याच्या तुटवड्या’पाशी मी अडलो. नळदुर्गला तो कसा पडायचा?

जागा डोळ्यांसमोर आणा. काळ्या कातळाचा उंचवटा, तीन बाजूंना बोरी नदीची खोल घळ आणि कड्याच्या काठाने चालत गेलेला तट. चौथी, पश्चिमेची बाजू तेवढी सपाटीला जोडलेली. तिथे भक्कम तटबंदी, रुंद खंदक आणि आत मैदानात एकटा उभा असलेला उंच उपळी बुरूज, माथ्यावर तोफा घेऊन. एका टोकाला नऊ पाकळ्यांचा नवबुरूज. नदीपलीकडे रणमंडळ हा जोडकिल्ला. वेढा घालणाऱ्याने छावणी टाकायची तर पश्चिमेलाच, आणि तिथे तो उपळीच्या नजरेत.

असा वेढा खरोखर पडला होता. १५८० मध्ये विजापूरचा अली आदिलशहा मारला गेला आणि नऊ वर्षांचा इब्राहिम गादीवर आला. कारभार चांदबिबीकडे, दरबारात सरदारांच्या आपसात मारामाऱ्या. शेजाऱ्यांनी संधी साधली. अहमदनगरची निजामशाही आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही अशा दोन फौजा मिळून नळदुर्गवर आल्या. तरुण महंमद कुली कुतुबशहा, पुढे ज्याने हैदराबाद वसवलं, तो जातीने हजर होता. दोन सुलतानांची ताकद एका किल्ल्याभोवती बसली आणि किल्ला पडला नाही. शेवटी वेढा सोडून फौजांना विजापूरकडे वळावं लागलं.

तोच नऊ वर्षांचा मुलगा मोठा झाला, संगीताचा दर्दी म्हणून नावाजला, आणि त्याच्याच कारकिर्दीत, १६१३ साली, नळदुर्ग आणि रणमंडळ यांच्यामध्ये बोरी अडवून पाणीमहाल उभा राहिला. बांधणाऱ्याचं नाव मीर इमादीन सांगतात. बांध म्हणजे धरणाची भिंत, आणि त्या भिंतीच्या पोटात खोल्या. पावसाळ्यात नदी भरली की बांधावरून दोन धारा कोसळतात, त्यांना आम्ही नर आणि मादी म्हणतो. डोक्यावरून नदी जात असते आणि आतल्या सज्जात उभ्या माणसाचा अंगरखा कोरडा राहतो. लोक याला राजाची हौस म्हणतात. हौस होतीच. पण ज्या किल्ल्यासाठी लहानपणी राज्य पणाला लागलं, त्याच किल्ल्याच्या घळीत त्याने पाण्याचा साठा करून ठेवला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. गेमच्या भाषेत बोलायचं तर फाशातून पाण्याचा तुटवडा त्याने दगडाने काढून टाकला.

चौथ्या भागात समुद्राचा हिशेब आहे. किनाऱ्यावरच्या किल्ल्याची आरमाराने नाकेबंदी केली नाही तर वेढ्याच्या बेरजेतून गुण वजा होतात. नदीचा तसा हिशेब नाही. जंजिऱ्याला जे मिळतं ते नळदुर्गला, परांड्याला किंवा औशाला मिळत नाही. दख्खनच्या किल्ल्यांचं अर्धं शहाणपण पाण्यात आहे. ते गेममध्ये आलं नाही, ही माझी मुख्य तक्रार.

दुसरी गोष्ट तक्रार नाही, मर्यादा आहे. धर्माचा रकाना गेममध्ये आहे, पण आमचा खंडोबा त्यात मावत नाही. हा देव वर्षातला काही काळ अणदूरला असतो आणि काही काळ नळदुर्गला. दोन गावांनी देव वाटून घेतला आहे आणि ठरल्या दिवशी मूर्ती वाजतगाजत नेली जाते. तहाची कलमं पाळायची ही रीत कुठल्या पटावर दाखवायची?

तरीही माझा अनुभव चांगला आहे, आणि कॉलेजच्या मुलांना मी हा गेम बिनदिक्कत सुचवेन. मराठी माणसाला अशा गेममध्ये आजवर मिळालं ते मुख्यतः अठरावं शतक. २००९ च्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये मराठ्यांकडून खेळता यायचं, तेव्हा त्याचं केवढं अप्रूप होतं. पण शिवकाळाच्या आधीची तीन शतकं, बहमनी आणि तिच्या फुटीतून आलेल्या शाह्यांची, आपल्याच वाचनातही विरळ असतात. सोलापूरचा किल्ला चांदबिबीच्या लग्नात आंदण म्हणून गेला आणि पुढे त्यासाठी दोन राज्यं भांडत राहिली, हे किती जणांना ठाऊक असतं? नकाशासमोर दोन तास बसलं की असे प्रश्न आपोआप पडतात. शिकायला वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. पहिले दोन दिवस व्यापार आपोआप चालू द्या, छोटं राज्य घ्या, आणि काळ थांबवून वाचत राहा.

एक काम मात्र आपल्याकडच्या मुलांनी अंगावर घ्यायला हवं. या मालिकेतल्या गेममध्ये खेळणाऱ्यांना स्वतःची भर घालता येते : नावं बदलता येतात, प्रसंग लिहिता येतात, इमारती आणि त्यांचे गुण जोडता येतात. धाराशिव, लातूर, सोलापूर भागातल्या कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांनी आणि इतिहासाच्या शिक्षकांनी एकत्र बसून दख्खनसाठी अशी एक भर तयार करावी. नदीकाठच्या किल्ल्याला पाण्याचा गुण द्यावा. पाणीमहाल एक इमारत म्हणून घालावा, १६१३ च्या तारखेनिशी. परांडा, औसा, उदगीर, सोलापूर यांची माहिती गॅझेटियरमध्ये आहे, शिलालेखांत आहे, आणि किल्ले तर जागेवरच आहेत.

त्याआधी मात्र एकदा नळदुर्गला या. पाऊस ओसरता ओसरता या, नर-मादी वाहत असताना. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच गाव आहे. किल्ल्यात शिरण्याआधी बोरीवरच्या पुलाजवळ थोडं थांबा. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादच्या पोलीस कारवाईची पहिली चकमक इथे झाली. त्या दिवशी भारतीय फौजेने वेढा घातला नाही, तीस दिवस वाट पाहिली नाही. आधी शाबूत पूल ताब्यात घेतला.