इंजिन संपतं कुठे?

नवी दिल्ली स्टेशनाच्या पश्चिमेला पहाडगंज पसरलं आहे. मेन बझारातली हॉटेलं सगळ्यांना ठाऊक असतात, दिल्लीकर मराठी माणसाला तिथलं नूतन मराठी विद्यालयही ठाऊक असतं. त्याच पहाडगंजातल्या मोतिया खानची जुनी ओळख मात्र लोखंडाची आणि भंगाराची. सत्तरच्या दशकात हा भंगार बाजार मायापुरीला हलवला गेला आणि मोडीत निघालेल्या गाड्यांची इंजिनं, गिअरबॉक्स, डिफरन्शियल तिकडे विकली जाऊ लागली. मोतिया खान आणि मायापुरीच्या या धंद्याने दिल्लीला एक सवय लावली: गाडीची बॉडी आणि गाडीचं इंजिन या दोन स्वतंत्र वस्तू आहेत, एक थकली तर दुसरी टाकायचं कारण नाही. जुन्या पिकअपमध्ये आजचं डिझेल इंजिन बसवण्याचा विचार या सवयीतूनच येतो. सवय चांगली आहे, काटकसरीची आहे. पण ती ज्या इंजिनांवर पोसली गेली ती इंजिनं आता बनत नाहीत, आणि खरी अडचण तिथे आहे.

या सवयीचं सर्वांत देखणं उदाहरण पहाडगंजच्या शेजारी, कनॉट प्लेसहून चांदणी चौकाकडे धावत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकलींना मागे दोन चाकांचा सांगाडा, बाकं आणि छप्पर जोडून दिल्लीच्या कारागिरांनी फटफटी घडवली. तिचं मूळचं पेट्रोल इंजिन सुमारे 740 सीसीचं, दोन सिलिंडरचं आणि खादाड. पुढे अनेक फटफट्यांवर शेतातल्या पंपासाठी बनणारी डिझेल इंजिनं चढली. हे जमलं कसं, याचं उत्तर त्या लष्करी हार्लेच्या रचनेत सापडतं. तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स एका कवचात नसत. दोन वेगळ्या पेट्या, आणि मधे एक साखळी. अशा गाडीत इंजिनाची हद्द साखळीच्या दात्यांशी संपते. फिरणारा दांडा योग्य जागी, योग्य वेगाने आणून दिला की पलीकडची पेटी तो कुणाचा आहे हे विचारत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रदूषणाच्या कारणावरून फटफटी रस्त्यावरून गेली. तोवर युद्धासाठी बनलेल्या त्या मोटरसायकलींनी अर्धशतक माणसं वाहिली होती.

पिकअप किंवा जीपमध्ये काम अधिक किचकट, पण जात तीच. पुण्याच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचं डिझेल इंजिन अँबेसिडरमध्ये बसवण्याची एके काळी देशभर रीत होती. पेट्रोल जीपमध्येही अशीच डिझेल इंजिनं चढत. बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्सची भोकं जुळत नाहीत, म्हणून मधे पोलादी प्लेट कापून घ्यायची. क्रँकच्या टोकाचं बेअरिंग गिअरबॉक्सच्या दांड्याला लेथवर जुळवायचं. इंजिनाचं फाउंडेशन नव्या जागी वेल्ड करायचं, कारण डिझेलची थरथर जास्त आणि वजनही जास्त. पुढच्या स्प्रिंगमध्ये एखादं पान वाढवायचं. डिझेल कमी फेऱ्यांवर ओढतं आणि लवकर थांबतं, त्यामुळे डिफरन्शियल जुनंच ठेवलं तर गाडी चढ सहज चढते, पण मोकळ्या रस्त्यावर कण्हत राहते. फसवी अडचण मात्र ब्रेकची. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलच्या झडपेमागे निर्वात तयार होतो आणि ब्रेकचा बूस्टर त्याच्यावर चालतो. जुन्या पद्धतीच्या डिझेलला अशी झडपच नसते. वेगळा व्हॅक्यूम पंप लावला नाही, तर इंजिन मस्त चालतं आणि पेडल मात्र दगडासारखं घट्ट होतं. इंजिनाच्या धातूबाहेर गेलेला हा पहिला धागा. तो ज्या मिस्त्रीला दिसला तो उत्तम मिस्त्री, असं मी मानतो.

आजच्या डिझेलमध्ये असे धागे एक-दोन नाहीत, त्यांचं जाळं आहे. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले. डिझेल मोटारीसाठी धुरातल्या कणांची मर्यादा बीएस-4 मध्ये किलोमीटरला 0.025 ग्रॅम होती, ती 0.0045 वर आली. ही घट फक्त सिलिंडरच्या आत झाली नाही. कॉमन रेलमधून किती डिझेल कधी सोडायचं हे ठरवणारा संगणक, काजळी अडवणारा फिल्टर, ती काजळी सुमारे 600 अंशांवर जाळून फिल्टर मोकळा करण्याची व्यवस्था, तापमान आणि दाबाचे सेन्सर, मोठ्या गाड्यांत युरियाची टाकी, या सगळ्यांची ती बेरीज आहे. गाडीचा वेग, पेडलची स्थिती, किल्लीची ओळख यांतलं काही मिळालं नाही की संगणक इंजिनाची ताकद कापतो किंवा ते सुरूच होऊ देत नाही. म्हणून ‘आधुनिक इंजिन बसवलं, म्हणजे गाडी स्वच्छ झाली’ हे गृहीतक चुकीचं आहे. स्वच्छपणा इंजिनात नाही, या संपूर्ण जाळ्यात आहे. भंगारातून आलेल्या इंजिनाचा फिल्टर काढून, संगणकाची समजूत घालून ते चालवलं, तर आपण जुन्या पिकअपमध्ये नवं लोखंड बसवलं, एवढंच.

यावर सरळ आक्षेप येतो: पीयूसीची प्रदूषण-तपासणी आहेच की, तिथे तपासा. पण डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची दाटी मोजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे मोजलेच जात नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जुनी गाडी मुळात मोडीतच काढा, असं काही जण म्हणतात. तिचे ड्रम ब्रेक, तिची चेसिस साठेक अश्वशक्तीच्या हिशेबाने बनलेली, आणि शंभरावर अश्वशक्तीचं इंजिन त्यात घालणं धोक्याचं. हे मला पटतं, पण अर्धंच. ताकदीला मर्यादा घालता येते, ब्रेक बदलता येतात. शाबूत चेसिस वितळवून नवी करण्यालाही कोळसा आणि धूर लागतोच.

माझं म्हणणं एवढंच, की हा बदल एकेका गॅरेजच्या हिकमतीवर सोडू नये. कायद्याला ही वाट अनोळखी नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. पण सीएनजी किंवा विजेसारख्या दुसऱ्या इंधनाचं मान्यताप्राप्त कीट बसवायला त्याच कलमात जागा आहे. जुन्या डिझेल गाड्यांना विजेचं कीट लावायला दिल्ली सरकारने 2021 मध्ये दार उघडलं. मग निर्मात्यानेच इंजिन, संगणक, फिल्टर आणि वायरिंग एकत्र बांधून, पुण्याच्या एआरएआयमध्ये किंवा मानेसरच्या आयकॅटमध्ये तपासून, ठरावीक मॉडेलच्या पिकअपसाठी कीट म्हणून का देऊ नये?

न देण्याची कारणं आहेत, आणि ती किरकोळ नाहीत. निर्मात्याला जुन्या गाडीसाठी कीट नव्हे, नवी पिकअप विकायची असते. कीटची किंमत जुन्या गाडीच्या बाजारभावाहून जास्त होण्याची भीती मला खरी वाटते. फिल्टर मोकळा व्हायला लांब, सलग धाव लागते. पहाडगंजच्या गल्लीत दिवसभर चालू-बंद होणाऱ्या मालवाहू गाडीला ती कुठून मिळणार? आणि दिल्लीत तर वयाचाच हिशेब आडवा येतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, ती नोंदणीच्या तारखेवरून. न्यायालयांत या नियमावर नंतर पुष्कळ खल झाला, पण नोंदणीच्या पुस्तकातलं गाडीचं वर्ष तेच राहतं. तिच्यात आज कारखान्यातून आलेलं इंजिन धडधडत असलं, तरी.