शस्त्रक्रियेनंतरचे हृदय आणि रक्तातील संकेत

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, जखम भरू लागली आणि रुग्ण घरी परतला की धोका टळला, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक, हृदयाच्या दृष्टीने शस्त्रक्रियेनंतरचा पहिला महिना विशेष जपण्याचा असतो. या काळात कोणत्या रुग्णाच्या हृदयाला अधिक धोका आहे, याचा अंदाज देणारे काही संकेत रक्तात आढळतात. त्यांचा अर्थ नीट समजून घेणे हितावह ठरेल.

शरीराला इजा झाली अथवा जंतुसंसर्ग झाला की त्या जागी दाह उत्पन्न होतो. शस्त्रक्रिया ही एका परीने योजनापूर्वक केलेली इजाच होय. तिची वार्ता यकृतापर्यंत पोहोचते आणि यकृत ‘सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन’ म्हणजे सीआरपी हे प्रथिन मोठ्या प्रमाणात निर्माण करू लागते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टिलेट व फ्रान्सिस या संशोधकांना १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात या प्रथिनाचा प्रथम शोध लागला. निरोगी माणसात ते सामान्यतः दर लिटर रक्तद्रवात १० मिलिग्रॅमहून कमी असते. शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच ते वाढू लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते आणि त्यानंतर उतरणीस लागते.

म्हणून शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सीआरपी वाढलेले दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. महत्त्व आहे ते दोन गोष्टींना. पहिली, शस्त्रक्रियेपूर्वी ते किती होते. ज्यांचे सीआरपी मुळातच अधिक होते, त्यांच्यात नंतर हृदयविकाराच्या घटना अधिक आढळतात, असे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. दुसरी गोष्ट म्हणजे चौथ्या दिवसानंतर ते उतरते की नाही. ते उतरत नसेल अथवा उतरून पुन्हा चढत असेल, तर जखमेत, फुप्फुसात वा पोटात संसर्गाचा शोध घ्यावा लागतो.

दाहाचा हृदयाशी संबंध काय? हृदयाच्या रोहिण्यांत साचलेल्या मेदाचा थर दाहामुळे ठिसूळ होऊन फुटू शकतो. रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. नाडी जलद होऊन हृदयाला अधिक प्राणवायू लागतो. अरुंद झालेल्या रोहिण्या ती गरज भागवू शकत नाहीत.

तथापि सीआरपीची मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. धूर दिसला म्हणजे कोठेतरी जाळ आहे एवढे कळते. तो कोणत्या घरात आहे हे कळत नाही. हृदयाच्या स्नायूलाच इजा झाली आहे काय, हे ट्रोपोनिन या चाचणीने कळते. भारतासह अनेक देशांतील सुमारे १५ हजार रुग्णांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या ३ दिवसांतील ट्रोपोनिनची वाढ आणि ३० दिवसांतील मृत्यू यांचा निकट संबंध दिसून आला. अशा बहुसंख्य रुग्णांच्या छातीत दुखतही नाही, कारण वेदनाशामक औषधांनी ती सूचना दबून जाते. म्हणूनच वृद्ध आणि हृदयविकार असलेल्या रुग्णांच्या बाबतीत मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ही चाचणी उपयुक्त ठरते.

परभणी जिल्ह्याच्या दृष्टीने या माहितीला वेगळे महत्त्व आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे पूर्वरूप असलेली जीवनदायी योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये या जिल्ह्यात लागू झाली. २०२३ साली परभणीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तरीही मोठ्या शस्त्रक्रियांसाठी अनेक रुग्ण नांदेड, छत्रपती संभाजीनगर अथवा हैदराबाद गाठतात आणि थोड्याच दिवसांत जिंतूर, पालम, सोनपेठकडील आपल्या गावी परततात. पुढे त्रास झाला तर त्यांना तपासणाऱ्या गावच्या डॉक्टरांपुढे पूर्वीचे आकडे नसतात. आणि पूर्वीच्या आकड्यांवाचून आजच्या आकड्याचा अर्थ लागणे कठीण.

यास्तव रुग्णालयातून निघताना शस्त्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे रक्ताचे अहवाल, हृदयालेख आणि औषधांची यादी मागून घ्यावी व जपून ठेवावी. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी दात-हिरड्यांच्या संसर्गावर उपचार करून घ्यावेत, तंबाखू, मिश्री व विडी सोडावी आणि मधुमेह आटोक्यात आणावा. हृदयविकारासाठी चालू असलेली औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. घरी आल्यावर धाप लागणे, छातीत धडधड, दरदरून घाम, भोवळ अथवा अकारण थकवा जाणवल्यास ‘शस्त्रक्रियेचा अशक्तपणा’ म्हणून दुर्लक्ष न करता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. रक्ताची चाचणी धोक्याची केवळ सूचना देते. ती वेळीच ओळखून कृती करणे हे रुग्णाचे कुटुंब आणि वैद्य या दोघांच्या हाती आहे.