फराळाच्या ताटापुढे एकटी

दिवाळीची पहाट. अभ्यंगस्नाने आटोपून घरातली मंडळी फराळाला बसली आहेत. कोणी अनारशाच्या जाळीचे कौतुक करते आहे, कोणी यंदा चिवड्यात मीठ कमी पडल्याची तक्रार गुदरते आहे; आणि या गोतावळ्यात एक बाई बशीतल्या एकुलत्या एका शंकरपाळ्याकडे पाहत बसली आहे. "अगं, दिवाळीच्या दिवशी कसलं आलंय डाएट!" असे जाऊबाई म्हणतात. "आमच्या हातचं आता आवडेनासं झालंय तिला," असे सासूबाई पुटपुटतात. यजमान वर्तमानपत्रात डोके खुपसतात.

वाचकहो, गेल्या दिवाळीतली ती बाई म्हणजे मीच!

गुडघे कुरकुरू लागले, रक्तातली साखर वाढली, तेव्हा डॉक्टरांनी दहा किलो वजन उतरवायला सांगितले. भुकेची तयारी मी केली होती; एकटेपणाची सूचना मात्र मला कुणी दिली नव्हती. आपल्याकडे प्रेम बोलून कोण दाखवते? ते ताटात वाढायचे असते! साहजिकच ताटाला नाही म्हटले, की वाढणाऱ्या माणसालाच नाही म्हटल्यासारखे होते. आग्रह चुकवावा म्हणून मी हळदीकुंकू टाळले, मग तीन महिने भिशी टाळली. घरात चिडचिड वाढली. एके रात्री सगळे झोपल्यावर दिवा न लावता मी डबा उघडला आणि उभ्याउभ्या दोन लाडू खाल्ले. लाडू खाल्ल्याचे मला तेवढे वाईट वाटले नाही. ते चोरून खावेसे वाटले, याचेच फार वाईट वाटले.

माझे मनच दुबळे, असे मी ठरवून टाकले होते. पुढे एक हकिकत वाचनात आली आणि डोळे उघडले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊपिऊ घालावे हे शोधण्यासाठी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण स्वखुशीने पुढे आले होते. 1945 साली सुमारे सहा महिने त्यांना नेहमीच्या निम्मेच अन्न दिले गेले. त्यांचे वजन जवळजवळ पाव हिश्शाने घटले. पण नवल पुढेच आहे. ते चिडखोर झाले, उदास झाले, थट्टामस्करी विसरले, मित्रांना टाळू लागले. काही जण तर पाककृतींची पुस्तके घेऊन बसू लागले! त्यांचे उपाशी राहणे आणि आपले आहार सांभाळणे यांत फरक आहे, हे खरे. परंतु पोटाला फार मारले की मनही माणसांतून उठते, एवढे यातून नक्की कळते. म्हणून पहिली गोष्ट ही, की अर्धपोटी राहण्याचा पराक्रम करू नका. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ सांगतील तेवढेच, आणि हळूहळू कमी करा.

दुसरी हकिकत न्यूयॉर्कमधल्या जीन नायडेच या गृहिणीची. 1961 साली तिचे वजन 214 पौंड, म्हणजे सुमारे 97 किलो होते. सरकारी दवाखान्यातून तिला आहाराचा तक्ता मिळाला, वजन उतरूही लागले. पण ती लपून बिस्किटे खाई, आणि ते तिथे कबूल करण्याची तिला लाज वाटे. शेवटी तिने सहा मैत्रिणींना घरी बोलावले आणि सगळे सांगून टाकले. पाहते तो काय, प्रत्येकीच्या घरात असाच एखादा चोरडबा होता! त्या दर आठवड्याला जमू लागल्या, इतर बायका येऊ लागल्या, आणि त्यातूनच 1963 साली 'वेट वॉचर्स' ही संस्था निघाली. तोवर नायडेचबाईंचे वजन 142 पौंडांवर आले होते. तक्ता त्यांच्याजवळ आधीपासूनच होता. उणीव होती ती ऐकून घेणाऱ्या माणसाची.

मग मीही धीर केला. खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंना लाडवांची गोष्ट सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, माझा डबा फरसाणाचा!" तेव्हापासून संध्याकाळी आम्ही दोघी मिळून फिरायला जातो. पाय चालतात, त्याहून तोंडे अधिक चालतात! भिशीला पुन्हा जाऊ लागले. घरून पोटभर कोशिंबीर-भाकरी खाऊन जायचे, तिथे बिनसाखरेचा चहा घ्यायचा आणि गप्पांत मात्र काटकसर करायची नाही.

सासूबाईंजवळ बसून सांगितले, "आई, तुमच्या हातचं आवडतं म्हणूनच तर नाही म्हणताना जड जातं. पण गुडघे ऐकत नाहीत हो." त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात भाजी दुप्पट आणि भात निम्मा होता!

पाय घसरतो, अजूनही घसरतो. अशा वेळी एक लाडू म्हणजे एकच लाडू, सारा डबा नव्हे, हे मनाला बजावावे. दुसऱ्या दिवशी उपास करून प्रायश्चित्त घेऊ नये. पुढचे जेवण नेहमीसारखे जेवावे आणि त्याच दिवशी कुणाला तरी सांगून मोकळे व्हावे. मात्र उदासपणा दोन आठवडे हटला नाही, झोप उडाली, किंवा खाण्यावर ताबाच राहिना, तर डॉक्टरांकडे जावे. गुडघा दाखवायला लाज नाही, मग मन दाखवायला कसली?

वर्षभरात दहा नव्हे, सहाच किलो उतरले. यंदा फराळाला बसले तेव्हा जाऊबाईंनी सवयीने बशी पुढे केली. त्यांना थांबवून सासूबाईंनी एक अनारसा मोडला, अर्धा माझ्या बशीत ठेवला आणि उरलेला अर्धा स्वतः खाल्ला.