चौकाची भिंत आणि जपानमधली शाळा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नेबामुन नावाच्या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यातली चित्रे आहेत. सुमारे ३,३५० वर्षांपूर्वी गिलाव्यावर रंगवलेली: पाणपक्ष्यांची शिकार, मेजवानी, बागेतले तळे. ब्रिटिशांचे इजिप्तमधील प्रतिनिधी हेन्री सॉल्ट यांच्यासाठी वस्तू गोळा करणाऱ्या द'अथानासी याने १८२० साली ती भिंतीवरून कापून काढली. पुढच्याच वर्षी ती संग्रहालयाची झाली. थडग्याची जागा मात्र नीट नोंदली गेली नाही आणि आज ते कुठे आहे, हे कुणालाही ठाऊक नाही. इजिप्तच्या वस्तूंचे संग्रह जगभर असेच वाढले: थोडे खरेदीतून, थोडे उत्खननानंतरच्या वाटणीतून, थोडे अशा कापाकापीतून. अगदी आपल्या शेजारी, वडोद्याच्या संग्रहालयातही सयाजीराव महाराजांच्या काळात आलेली ममी आहे.

वारली चित्रांच्या मुलखात, डहाणू-तलासरीत, भिंतींवर अशी करवत चालवून काहीच हाती लागले नसते. इथली जुनी भिंत कारवीच्या कुडाची, वर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू. चित्र तांदळाच्या पिठाचे. ते एका लग्नापुरते काढायचे, मग धुराने काळवंडते, झडते आणि पुढच्या सारवणात जाते. टिकावे म्हणून ते काढलेलेच नसते. तरीही आज वारली चित्रे दिल्लीपासून जपानपर्यंतच्या संग्रहालयांत आहेत. ती तिथे कशी गेली, ही गोष्ट इजिप्तच्या गोष्टीपेक्षा फार वेगळी आहे, आणि माझ्या मते तिच्यातला एक हिशेब अजून चुकता व्हायचा आहे.

आधी मूळ चित्र पाहू. लग्नघरात सवाशिणी तांदूळ भिजवून वाटतात. बांबूच्या काडीचे टोक चावून त्याचा कुंचला करतात. भिंतीवर चौकोन, म्हणजेच चौक, आखला जातो, त्याला एकाबाहेर एक अशा नक्षीच्या पट्ट्या येतात. मधोमध पालघट देवी उभी राहते, दोन त्रिकोणांच्या अंगाची. चौकात सूर्य, चंद्र, फणी, ताडावर चढायची शिडीही असते. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत असते. चौकावाचून लग्न लागत नाही. या चित्राखाली कुणाची सही नसते.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात आले. हस्तकलांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून त्यांनी त्याआधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांना कागद देऊन चित्रे काढायला लावली होती. त्या चित्रांना बाजार मिळाला आणि घरात चार पैसे आले. इथेही त्यांनी तेच केले. भिंत नेता येत नव्हती, म्हणून कागद पाड्यावर आणला. गेरू किंवा शेणाचा हात दिलेल्या कागदावर आणि कापडावर तीच पांढरी रेघ उमटू लागली.

पण कागदावर जो हात सर्वांत मोकळा चालला तो एका पुरुषाचा होता. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ सालचा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. पुढे ते डहाणू तालुक्यात गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहिले. लहानपणी आई गेली तेव्हा त्यांचे बोलणेच थांबले, ते धुळीत चित्रे काढून मनातले सांगत, असे त्यांच्याबद्दल सांगितले जाते. त्यांनी चौकाबाहेरचे सारे जग कागदावर आणले: तारपा या वाद्याभोवतीचा नाच, भाताची लावणी, मुंग्यांची वारुळे. मासेमारीच्या जाळ्याचे त्यांचे चित्र पाहताना डोळा थांबत नाही. हजारो बारीक रेघांचे जाळे सगळ्या कापडावर पसरलेले, आणि त्या पसाऱ्यापुढे माणूस एवढासा. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांची चित्रे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामाबरोबर मांडली गेली. २०१८च्या मे महिन्यात ते गेले.

आता जपानकडे वळू. तिथल्या निगाता प्रांतात, भरपूर बर्फ पडणाऱ्या तोकामाची शहरात, तोकिओ हासेगावा यांनी १९८२ साली एका बंद पडलेल्या शाळेत मिथिला म्युझियम सुरू केले. चित्रे विकत घेण्यावर ते थांबले नाहीत. भारतातून कलावंत बोलावायचे, त्यांना राहायला जागा, साहित्य आणि वेळ द्यायचा, आणि तिथेच मोठी चित्रे काढून घ्यायची, अशी त्यांची रीत. मधुबनीच्या गंगादेवी तिथे गेल्या, जिव्या म्हसेही गेले. पाड्यावरच्या घरात मावणार नाही एवढ्या आकाराचे काम अशा ठिकाणी होऊ शकते, हा या रीतीचा मोठा गुण.

तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. जुलै २००१ मध्ये याच संग्रहालयात असताना मध्य प्रदेशचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांनी आपले जीवन संपवले. परदेशी बोलावलेल्या आदिवासी कलावंताचा मोबदला, मुक्कामाची मुदत, घरच्या माणसांशी संपर्क या साऱ्याबद्दल तेव्हा भारतातल्या कलावंतांनी जाहीरपणे प्रश्न विचारले. ते विचारायलाच हवे होते. वस्तू कपाटात ठेवता येते. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाची जबाबदारी वेगळी असते.

आता तो राहिलेला हिशेब. भिंतीवरचा चौक बायकांचा. कागदावर आल्यावर ही कला बाजाराची झाली आणि तिच्याखाली बहुतेक पुरुषांच्या सह्या आल्या. म्हसे यांची थोरवी यात तसूभरही कमी होत नाही. त्यांनी नवी चित्रभाषा घडवली. पण ज्यातून ती निघाली तो चौक काढणाऱ्या बायांची नावे किती संग्रहांच्या नोंदीत सापडतील? नेबामुनच्या थडग्याची जागा हरवली ती कुणी लिहून ठेवली नाही म्हणून. इथल्या बाया तर आपल्यासमोर बसून चौक काढत आहेत.

डहाणू-तलासरीतल्या शिक्षकांनी, कॉलेजातल्या मुलामुलींनी येत्या लग्नसराईत एवढे करावे. घरच्यांची परवानगी घेऊन चौकाचा फोटो काढावा आणि पाडा, तारीख, चौक काढणाऱ्या बायांची नि धवलेरीची नावे त्यासोबत वहीत लिहावीत. त्या वहीची एक प्रत त्याच घरी द्यावी, आणि दुसरी गावच्या शाळेत ठेवावी.