विश्लेषण : इटियाडोहजवळच्या तिबेटी मुलांचे शिक्षण कोणाच्या पैशांवर? ‘दत्तक पालक’ पद्धत कशी चालते?

गोंदिया जिल्ह्यातील इटियाडोह धरण पाहायला जाणारे अनेक पर्यटक गोठणगावजवळच्या तिबेटी कॅम्पातही चक्कर मारतात. बौद्ध मंदिर आणि रंगीत पताकांचे फोटो निघतात. या वसाहतीतील मुलांच्या शाळेची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. त्यात भारत सरकारचा वाटा आहे आणि परदेशातील अनोळखी दात्यांचाही.

वसाहत इथे कशी आली?

दलाई लामा १९५९ मध्ये भारतात आले. त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. केंद्राने राज्यांकडून जमीन मिळवून त्यांच्या शेती वसाहती उभ्या केल्या. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील ‘नोर्ग्येलिंग’ ही वसाहत १९७२ मधली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, तरी तिबेटी कागदपत्रांत या वसाहतीपुढे आजही ‘भंडारा’ असेच लिहिलेले दिसते.

मुलांना बाहेर का पाठवावे लागते?

शेतीवर घर भागत नाही. त्यामुळे थंडीच्या दिवसांत अनेक कुटुंबे शहरोशहरी स्वेटर विकायला जातात. आई-वडील काही महिने घराबाहेर असतात. शिवाय मोठ्या वर्गांसाठी दूरच्या निवासी शाळा गाठाव्या लागतात. तिथे फीबरोबरच राहण्या-जेवणाचा खर्चही येतो.

हा खर्च कोण उचलतो?

पहिला आधार सरकारी. पंडित नेहरूंच्या पुढाकाराने १९६१ मध्ये तिबेटी शाळांसाठी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली स्वायत्त संस्था स्थापन झाली. आधुनिक शिक्षण मिळावे, पण भाषा आणि संस्कृतीही टिकावी, हा त्यामागचा हेतू. अलीकडच्या काळात या शाळा टप्प्याटप्प्याने तिबेटींच्याच संभोट संस्थेकडे सोपवण्यात आल्या.

दुसरा आधार देणगीचा. १७ मे १९६० रोजी रस्तेबांधणीच्या छावण्यांतून ५१ आजारी, कुपोषित मुले धरमशालेत आणली गेली. दलाई लामांच्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांची जबाबदारी घेतली. त्यातून ‘तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज’ ही संस्था उभी राहिली.

‘दत्तक पालक’ म्हणजे काय?

महाराष्ट्राला सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजना परिचित आहे. कल्पना तीच. एक दाता एका मुलाचा खर्च उचलतो, संस्था त्याला मुलाची प्रगती कळवते आणि दोघांत पत्रव्यवहारही होतो. मूल कायद्याने दत्तक जात नाही. आफ्रिकेतील अनेक देशांत अनाथ आणि गरीब मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थाही हीच पद्धत वापरतात.

अडचण कुठे आहे?

दात्याने हात आखडला की मुलाची शाळा अडचणीत येते. म्हणून काही संस्था एका मुलाच्या नावाने आलेला पैसा सामाईक निधीत टाकतात. सरकारी मदतीचीही खात्री नसते. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा निर्वासित तिबेटींच्या शिक्षण आणि आरोग्य कार्यक्रमांना फटका बसला. त्यातला काही निधी पुढे पूर्ववत झाला.

दुसरी अडचण या शिक्षणाच्या यशातूनच आली आहे. शिकलेला मुलगा वसाहतीत परतला तर करणार काय? बहुतेक तिबेटींकडे भारतीय नागरिकत्व नाही, त्यामुळे सरकारी नोकरीची वाट अवघड. तरुण बंगळुरू, दिल्ली किंवा थेट परदेश गाठतात. तिबेटी प्रशासनाच्या २००९ च्या जनगणनेत भारतात सुमारे ९४ हजार तिबेटी होते. नंतर ही संख्या घटत गेली, तसे शाळांचे वर्गही रिकामे होऊ लागले.

पुढे काय?

केंद्राने २०१४ मध्ये तिबेटी पुनर्वसन धोरण आणले. सरकारी योजनांचा लाभ आणि व्यवसायाची मोकळीक तिबेटींना द्यावी, असे त्यात राज्यांना सांगितले आहे. इटियाडोहच्या बाबतीत खरी कसोटी याच मुद्द्यावर आहे. दात्याच्या पैशातून मूल पदवीपर्यंत पोहोचते, पण त्या पदवीवर गोठणगाव परिसरात पोट भरता आले, तरच ते गावी परतेल.