माहेरचं नाव, सासरचं नाव

आमच्या बचत गटातल्या एका ताईंचं बँकेतलं खातं माहेरच्या नावाने, रेशनकार्ड सासरच्या नावाने आणि आधार कार्डावर तिसरंच स्पेलिंग. कर्जाच्या वेळी साहेबांनी विचारलं, "या तीन बायका कोण?" आम्ही हसलो. पण गेल्या दिवाळीत आमच्या गटाच्या वेबसाइटचीही तीच गत झाली, आणि हसू पळालं.

आमची भाजणी आणि मेतकूट सहा वर्षं साइटवरून विकलं जातं. एका महिला मंडळाने, परदेशातल्या काही मराठी मंडळींनी आपापल्या साइटवर आमच्या भाजणीच्या पानाची लिंक दिली होती. दिवाळीआधी साइट नवी करून घेतली. रंग छान, फोटो छान, ऑर्डरी मात्र निम्म्यावर! गूगलवर पूर्वी चटकन सापडणारे आम्ही कुठेच दिसेनात. चौदा जणींच्या दिवाळीचा प्रश्न होता.

गटातल्या एका ताईंची मुलगी कॉम्प्युटर शिकते. तिने दोन मिनिटांत दुखणं ओळखलं. "मावशी, पानांचे पत्ते बदललेत. जुन्या लिंकवर 'पान सापडत नाही' येतंय."

मग तिने समजावलं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल सुरू केलं, तेच मुळी 'लिंक म्हणजे शिफारस' या कल्पनेवर. पण ही शिफारस ठरावीक पत्त्यालाच मिळते. सुरुवातीला 'एचटीटीपी' की 'एचटीटीपीएस', 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' आहे की नाही, पानाच्या नावातलं अक्षर मोठं की लहान, शेवटी तिरकी रेघ आहे की नाही, एवढ्यानेही पत्ता वेगळा ठरू शकतो. पान एकच, नावं चार! गूगल त्यातलं मुख्य कोणतं ते बहुतेकदा ओळखतं. पण त्याच्या अंदाजावर का सोडायचं?

उपाय आपल्या राजपत्रातल्या नावबदलासारखाच. जुन्या पत्त्यावर आलेल्याला थेट नव्यावर पाठवणारी कायमची सूचना लावायची. तिला '३०१' म्हणतात. गूगल ती निदान वर्षभर ठेवायला सांगतं. एकच मजकूर दोन पत्त्यांवर असेल, तर मूळ कोणता हे सांगणारी 'कॅनॉनिकल' खूण असते. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ती फेब्रुवारी २००९ मध्ये मान्य केली.

मी हौसेने म्हटलं, पत्ता मराठीतच ठेवू. तोही चालतो, पण पुढे पाठवताना 'भाजणी'ची टक्क्यांच्या खुणांसकट ४५ चिन्हांची माळ होऊ शकते. ती मध्येच तुटली की लिंक गेली. म्हणून इंग्रजी लहान अक्षरं घेतली, दोन शब्दांमध्ये छोटी आडवी रेघ. गूगलही अंडरस्कोरपेक्षा हीच रेघ सुचवतं. पत्त्यात शब्द कोंबले की नंबर वर जातो, हा मात्र गैरसमज. त्याला वजन फार थोडं.

महिन्या-दीड महिन्याने पान पुन्हा वर आलं, पण तोवर दिवाळी उलटली होती. उरलेली भाजणी आम्हीच वाटून घेतली.

मैत्रिणींनो, साइट नवी करताना रंग निवडण्याआधी एवढंच विचारा, "जुन्या पत्त्यांचं काय करणार?" नाव बदललं की किती ठिकाणी खेटे घालावे लागतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको!